गोळी सोडून पळायला जाऊ का?

चिपळूणहून एका ताईंचं लांबलचक पत्र आलंय. सगळं छापत नाही, त्यांना विचारून थोडक्यात सांगते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा ताई, सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा माळ्यावर चढून बसले, खाली फ्रिज तरंगत होता. मिस्टर बाहेर गळ्याइतक्या पाण्यात शेजाऱ्यांना काढत होते आणि एक म्हातारे काका त्यांच्या हातून सुटले, ते परत दिसलेच नाहीत. घर दुरुस्त झालं, दुकान उभं राहिलं, पण पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की ताईंची झोप उडते, गाळाचा वास आला की पोटात कालवतं, आणि मिस्टर जून ते ऑगस्ट कुणाशी धड बोलत नाहीत. मागच्या वर्षी दोघं सायकियाट्रिस्टकडे गेले, दोघांनाही पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात घर करून राहणारा आजार, निघाला, दोघांनाही सर्ट्रालीन नावाची गोळी दिली. ताई सात महिने घेतायत, आता १०० मिलिग्रॅमचा डोस आहे आणि खूपच बरं आहे. मिस्टरांनी ५० ची गोळी पाच आठवडे घेतली, "काही फरक नाही, उलट दुसराच त्रास झाला, तो इथे लिहीत नाही" म्हणून स्वतःच बंद केली. मग मित्रांबरोबर पहाटे पळायला लागले, संध्याकाळी जिम, आणि खरंच सुधारले. आता ते म्हणतायत तू पण गोळ्या सोड, सवय लागते, पळायला चल. ताई गेल्या, पाचव्या मिनिटाला छाती धडधडायला लागली, ती वेळ परत आल्यासारखं झालं आणि त्या रस्त्यातच बसून रडल्या.

प्रश्न तीन. गोळीच्या जागी व्यायाम चालेल का? एकच गोळी मला लागू पडली आणि ह्यांना नाही, मग हे बायकांचंच औषध आहे का, असं ह्यांचा एक मित्र इंटरनेटवर वाचून सांगतो. आणि गोळी बंद करायची तर जूनच्या आधी करू का?

ताई, सगळ्यात आधी त्या रस्त्याबद्दल बोलू, कारण पत्रात तुम्ही ते दोन ओळीत उरकलंय आणि पुढे लिहिलंय की "माझ्यात तेवढी हिंमत नाही बहुतेक". हिंमतीचा इथे काही संबंध नाही हो. पळताना काय होतं, छाती धडधडते, धाप लागते, घाम फुटतो, पाय जड होतात. आणि त्या दिवशी माळ्यावर तुमच्या शरीराचं काय झालं होतं? हेच सगळं. मेंदूने तेव्हा ही धडधड आणि मरणाची भीती अशी एकत्र बांधून ठेवलीय, त्यामुळे आता नुसती धडधड झाली तरी त्याला वाटतं पाणी आलं. पीटीएसडी असलेल्या किती तरी लोकांना व्यायामाच्या पहिल्या दिवसांत हे होतं आणि कुणी आधी सांगितलेलं नसतं, म्हणून ते घाबरून कायमचं सोडून देतात. पण ह्याच गोष्टीची दुसरी बाजू अशी की धडधड हळूहळू, थोडी थोडी, स्वतःच्या ताब्यात ठेवून वाढवली आणि दर वेळी काहीही वाईट न होता ती परत खाली आली, की मेंदू नवीन शिकतो की छाती धडधडली म्हणजे पूर आला असं नाही. जुनी आठवण पुसली जात नाही, तिच्यावर नवीन बसते. पीटीएसडीच्या थेरपीत जे करतात त्यातला मोठा भाग हाच आहे. म्हणजे व्यायाम तुमच्यासाठी आहे, चुकला तो वेग. कित्येक महिने पळणाऱ्या माणसाच्या जोडीने पहिल्याच दिवशी पळायला लागायचं नाही.

आता गोळी. मी समुपदेशक आहे, औषधं लिहून देणारी डॉक्टर नाही, डोसचा निर्णय तुमच्या सायकियाट्रिस्टचाच. पण जे पक्कं माहीत आहे ते सांगते. सर्ट्रालीनला पीटीएसडीसाठी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, १९९९ च्या डिसेंबरमध्ये मान्यता दिली, मग २००१ मध्ये पॅरोक्सेटीनला, आणि ह्या आजारासाठी तिथे अशी खास मान्यता आजवर ह्या दोनच औषधांना आहे. वेनलाफॅक्सीनसुद्धा डॉक्टर वापरतात आणि तिचाही पुरावा चांगला आहे. पण ह्या गोळ्या जादू नाहीत, हे तुम्हाला आणि तुमच्या मिस्टरांना दोघांनाही कळायला हवं. २००० साली छापलेल्या सर्ट्रालीनच्या एका मोठ्या चाचणीत १२ आठवड्यांनी गोळी घेणाऱ्यांपैकी ५३ टक्के लोकांना चांगला फरक पडला आणि नुसती खोटी, म्हणजे आत औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी ३२ टक्क्यांना. म्हणजे फायदा खरा आहे पण निम्म्या लोकांना पुरेसा होत नाही, आणि तुमचे मिस्टर त्या दुसऱ्या निम्म्यात असले तर त्यात त्यांचा दोष नाही आणि तुम्हाला लागू पडली म्हणजे तुमचं दुखणं खोटं होतं असंही नाही. हे मुद्दाम लिहितेय कारण पत्रातून मला वाटलं की घरात असं काहीतरी बोललं गेलंय.

आता "बायकांचं औषध". मित्राने वाचलंय त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. सर्ट्रालीनच्या त्या सुरुवातीच्या चाचण्यांत ७६ टक्के बायका होत्या, आणि नंतर आकडे वेगळे काढून बघितले तर बायकांमध्ये फरक स्पष्ट दिसला आणि पुरुषांमध्ये जवळजवळ नाहीच, हे त्या औषधाच्या अमेरिकेतल्या अधिकृत माहितीपत्रकातसुद्धा लिहिलेलं आहे. पुढे २००७ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांवर, म्हणजे बहुतेक पुरुषांवर, सर्ट्रालीन वापरून बघितली तेव्हाही ती खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. इथवर वाचून कुणालाही वाटेल की झालं, पुरुषांना ह्या गोळ्या चालत नाहीत. पण थांबा. २००२ मध्ये फ्लुऑक्सेटीन ह्या त्याच जातीच्या गोळीची चाचणी छापून आली, ३०१ लोक, त्यात बहुतेक पुरुष आणि त्यातले बरेचसे युद्धाची झळ बसलेले, आणि तिथे गोळीने चांगलं काम केलं. पॅरोक्सेटीनच्या २००१ च्या ५५१ जणांच्या चाचणीत बायका आणि पुरुष दोघांनाही सारखाच उपयोग झाला. म्हणजे गोळी बाईला चालते आणि पुरुषाला नाही असा सरळ नियम निघत नाही. सर्ट्रालीनच्या त्या चाचण्यांत पुरुष मुळात थोडे होते, आणि माजी सैनिकांचा आजार बऱ्याच वर्षांचा जुना, मग फरक बाई-पुरुषाचा की आजार किती मुरलाय त्याचा, हे वेगळं करून सांगणं अवघड आहे. मला स्वतःला हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

पण बाई आणि पुरुष ह्यात काहीच फरक नाही असंही नाही हं. अमेरिकेतली १९९५ सालची एक मोठी पाहणी आहे, त्यात भयंकर प्रसंग पुरुषांच्या वाट्याला जास्त आले होते, साधारण ६० टक्के पुरुष आणि ५१ टक्के बायका, तरी आयुष्यात कधी ना कधी पीटीएसडी झालेल्या बायका १०.४ टक्के आणि पुरुष ५ टक्के, दुपटीहून किंचित जास्तच. का, ह्याचं एक उत्तर नाही. बायकांच्या वाट्याला येणारे प्रसंग वेगळे असतात, लैंगिक अत्याचारानंतर पीटीएसडी होण्याचं प्रमाण फार मोठं आहे, आणि प्रसंगानंतर आधार मिळतो की गप्प बस म्हणतात ह्यानेही फरक पडतो. शरीराचाही भाग आहे. भीती ओसरायला शिकण्यात इस्ट्रोजेन ह्या हार्मोनची मदत होते असं उंदरांवर आणि माणसांवरही दिसलंय, पाळीच्या चक्रात ते कमी असतं त्या दिवसांत "आता धोका नाही" हे शिकलेलं नीट टिकत नाही. ताई, तुम्ही लिहिलंय की महिन्यातले चार-पाच दिवस उगाचच जुनं सगळं वर येतं, गोळी घेत असूनही. एक वही करा, पाळीची तारीख आणि त्या दिवशी झोप कशी होती, बस एवढंच लिहा, तीन महिने. ती वही डॉक्टरांना दाखवा. गोळी काम करत नाही असं त्या दिवसांत ठरवून टाकू नका एवढंच माझं म्हणणं, कारण मी बघितलंय की बायका गोळी सोडायचा निर्णय नेमका अशाच एखाद्या दिवशी घेतात.

मिस्टरांच्या गोळीबद्दल मला दोन गोष्टी बोलायच्यात. एक म्हणजे पाच आठवडे ५० ची गोळी ही पूर्ण संधी नव्हे. पीटीएसडीत २५ ने सुरू करून आठवड्याने ५० करतात, गरज असेल तर २०० पर्यंत वाढवत नेतात, आणि योग्य डोसवर आठ ते बारा आठवडे बघितल्याशिवाय लागू पडली नाही असं म्हणत नाहीत. दुसरं म्हणजे तो "दुसरा त्रास" जो तुम्ही लिहिला नाहीत. मी लिहिते, कारण न लिहिल्यामुळेच हजारो घरांत औषधं बंद होतात. ह्या गोळ्यांनी लैंगिक इच्छा कमी होऊ शकते, पुरुषांमध्ये वीर्यस्खलनाला फार उशीर लागतो किंवा होतच नाही, बायकांनाही त्रास होतो पण त्या सांगत नाहीत. हा नेहमीचा साइड इफेक्ट आहे, डॉक्टरांना रोज ऐकायची सवय असते, आणि त्यावर उपाय असतात, डोस बदलता येतो, औषध बदलता येतं. मिस्टरांना म्हणावं हे एक वाक्य डॉक्टरांसमोर बोला फक्त, तुम्ही बाहेर बसा हवं तर.

सवयीचं म्हणाल तर सर्ट्रालीनची दारूसारखी ओढ लागत नाही. अचानक बंद केली तर चक्कर, मळमळ, डोक्यात झिणझिण्या, चिडचिड हे होतं, म्हणून हळूहळू कमी करायची असते. आणि पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की फार पाऊस असला की मिस्टर सासूबाईंची झोपेची गोळी अर्धी घेतात, अल्प्राझोलाम. ताई, ज्याची खरोखर सवय लागते ते हे औषध आहे. पीटीएसडीवरच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ह्या जातीच्या गोळ्या देऊ नका असंच सांगितलेलं आहे, त्या रात्रीपुरतं गुंगवतात आणि मूळ भीती तिथेच राहते. आधी ते बंद व्हायला हवं, आणि त्यांनी किती दिवस घेतलीय ते डॉक्टरांना सांगून मगच, रोज घेत असतील तर तीही एकदम तोडायची नाही.

आता व्यायाम. मिस्टरांना पळून बरं वाटतंय ते मनाचे खेळ नाहीत, मला त्यांचं खरंच कौतुक वाटतं, त्या काकांचा हात सुटल्यावर रोज पहाटे उठून घराबाहेर पडणारा माणूस आहे तो. ऑस्ट्रेलियात सिडनीला २०१५ मध्ये एक अभ्यास छापून आला, पीटीएसडीसाठी दाखल असलेले ८१ लोक, निम्म्यांना नेहमीचे उपचार आणि निम्म्यांना नेहमीचे उपचार अधिक व्यायाम, आठवड्यातून तीनदा अर्धा अर्धा तास वजनाचे किंवा रबराच्या पट्ट्यांचे व्यायाम आणि रोज पावलं मोजत चालणं, असं १२ आठवडे. व्यायामवाल्यांची पीटीएसडीची लक्षणं, उदासी, झोप सगळंच दुसऱ्या गटापेक्षा जास्त सुधारलं. गंमत बघा, गोळीच्या त्या चाचण्यांत बायकाच जास्त होत्या आणि ह्यात बहुतेक पुरुष, म्हणजे तुमच्या घरातल्या भांडणासारखंच झालं, दोघांच्याही हातात आपापल्या बाजूचा कागद. पण त्या अभ्यासात व्यायाम उपचारांच्या जोडीला होता, त्यांच्या जागी नव्हता. कुणाचीही गोळी काढून घेतली नव्हती, थेरपी चालूच होती. तिथलाच २०२३ चा अजून एक अभ्यास मला फार आवडतो, १३० लोक, थेरपीच्या प्रत्येक सेशननंतर लगेच १० मिनिटं धाप लागेल असा व्यायाम करायचा, दुसऱ्या गटाने नुसतं हलकं स्ट्रेचिंग, आणि सहा महिन्यांनी बघितलं तर व्यायामवाले जास्त सुधारलेले. फक्त दहा मिनिटं! थेरपीत मेंदू जे नवीन शिकला ते पक्कं बसायला व्यायामाने मदत होते असा त्यामागचा विचार आहे, व्यायामाने मेंदूत पेशींच्या वाढीला लागणारी काही द्रव्यं वाढतात. बायकांना उपयोग होत नाही का, तर होतो, पीटीएसडी असलेल्या बायकांवर असे छोटे अभ्यास झालेत आणि दिशा चांगली आहे.

त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की जोडीला चालेल, जरूर करा, गोळीच्या जागी नको. चालू असलेली गोळी बंद केल्यावर काय होतं ह्याचेही आकडे आहेत. सर्ट्रालीनने बरे झालेल्या ९६ लोकांना दोन गटांत वाटलं, पुढच्या २८ आठवड्यांत ज्यांची गोळी चालू होती त्यांच्यात ५ टक्क्यांचा आजार उलटला आणि ज्यांची बदलून खोटी गोळी दिली त्यांच्यात २६ टक्क्यांचा. ताई, सात महिन्यांपूर्वी तुम्ही मुलाला शाळेत सोडायला पूल ओलांडू शकत नव्हता असं तुम्हीच लिहिलंय.

तुमचा व्यायाम कसा सुरू करायचा ते सांगते. पळायचं नाही. चालायचं, आणि एकटीने किंवा मैत्रिणीबरोबर, मिस्टरांबरोबर नको सुरुवातीला, तुम्ही त्यांच्या वेगाकडे बघत राहता. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही एवढ्या वेगाने, आधी दहा मिनिटं. धडधड वाढली की थांबून पळ काढायचा नाही आणि रेटायचंही नाही, वेग थोडा कमी करायचा आणि स्वतःला मोठ्याने सांगायचं, ही चालण्याची धडधड आहे, आज अमुक तारीख आहे, मी अमुक रस्त्यावर आहे, रस्ता कोरडा आहे. वेड्यासारखं वाटेल, चालेल, रस्त्यावरचे लोक फोनवर बोलतेय समजतील. दोन आठवड्यांनी चढाचा रस्ता घ्या, तुमच्याकडे चढाला काय तोटा. आणि पावसात कोकणातल्या घाट्या आणि शेवाळलेल्या पायऱ्यांवरून चालायचं नाही हे तुम्हाला मी काय सांगणार, तेव्हा पावसाळ्यासाठी घरातला व्यायाम आत्ताच बसवून ठेवा. सूर्यनमस्कार, खुर्चीवरून उठबस, तांदळाच्या दोन पिशव्या हातात घेऊन वर-खाली, आठवड्यातून तीनदा अर्धा तास. बाहेर पत्रा वाजत असताना तुम्ही आत अंग हलवताय, धाप लागलीय, आणि घर कोरडं आहे, ह्याहून चांगला सराव दुसरा नाही, पण पहिल्या झटक्यात मुसळधार पावसात नको, रिमझिमीत सुरू करा. अंग दुखलं तर मेडिकलमधून आयबुप्रोफेन आणून खाऊ नका, सर्ट्रालीनबरोबर त्याने पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो, डॉक्टरांना विचारून साधं पॅरासिटामॉल घ्या. हृदयाचा काही त्रास किंवा बीपी असेल तर सुरू करायच्या आधी तपासून घ्या. आणि सकाळचा अर्धा तास हा डबे आणि पाणी भरण्याच्या वेळेतच येतो हे मला माहितेय, मिस्टर पहाटे पळतात तेव्हा घर तुम्ही सांभाळता, तर आठवड्यातल्या तीन सकाळी डबा त्यांनी करायचा. तुम्हाला पळायला चल म्हणण्यापेक्षा ही मदत मोठी आहे.

एक गोष्ट दोघांच्याही उपचारात कुठे दिसली नाही, ती म्हणजे थेरपी. त्या प्रसंगाशी थेट काम करणारी थेरपी, ज्यात त्या दिवसाबद्दल नीट बोललं जातं, टाळलेल्या जागी पायरीपायरीने जायचं असतं, किंवा ईएमडीआर नावाची पद्धत, ज्यात डोळे डावी-उजवीकडे हलवत ती आठवण हाताळतात. जगभरच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पीटीएसडीसाठी हीच पहिली ठेवतात, गोळ्यांच्याही आधी, आणि मिस्टरांना गोळी नको असेल तर त्यांच्यासाठी खरा पर्याय पळणं नाही, हा आहे, पळणं त्याच्या जोडीला. त्यांना पळताना बरं वाटतं, पण ते त्या काकांच्या घरावरून जात नाहीत, लांबचा रस्ता घेतात, तुम्हीच लिहिलंय. ते पळून सुटणारं नाही. चिपळुणात कुणी शिकलेला थेरपिस्ट नसेल तर रत्नागिरीला सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे तिथे चौकशी करा, व्हिडिओ कॉलवर थेरपी देणारे मराठी बोलणारे लोकही आहेत, आणि टेलीमानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. त्या काकांबद्दल बोलताना मिस्टर कधी "मीच जायला हवं होतं" असं म्हणाले तर त्याच दिवशी ह्या नंबरवर फोन करा आणि त्यांना एकटं सोडू नका.

राहिला जून. नाही ताई, जूनच्या आधी गोळी बंद करायची नाही. पीटीएसडीत बरं वाटायला लागल्यावरही साधारण वर्षभर गोळी चालू ठेवतात आणि तुमचे तर सात महिने झालेत सुरू करून. शिवाय पाऊस, गाळाचा वास, २२ तारीख, हे सगळं पुढच्या दोन महिन्यांत एकदम येणार आहे. दिवाळी होऊ दे, ऊन पडू दे, तोवर तुमचा व्यायाम बसलेला असेल आणि थेरपीची काही सेशन्स झालेली असतील, मग डॉक्टरांसमोर बसून विचारा की आता कमी करायची का आणि किती आठवड्यांत. ह्या महिन्याची गोळी संपत आली असेल तर उद्याच जाऊन पुढची आणून ठेवा, पावसात रस्ता बंद झाला तर दोन पाकिटं घरात असू द्यात, माळ्यावर नको, हाताशी.